अंगभर कपडे, खरे सूत आणि दहीपुलाजवळचे एक दुकान

गेली दीड वर्षे मी माझे रोजचे सर्व कपडे घरी, स्वतः बेतून शिवते आहे आणि त्यांतील बहुतेक कापड नाशिकच्या जुन्या बाजारातील एका दुकानातून घेतलेले आहे. दहीपुलाकडून मेन रोडकडे येताना उजव्या हाताला लागणारे, समोरून जेमतेम आठ फूट रुंद पण आत खोल गेलेले असे हे दुकान आहे. प्रस्तुत परीक्षण त्या दुकानाचे आहे. परंतु कापडाच्या दुकानाचा खरा कस गल्ल्यावर नव्हे तर पहिल्या धुण्यानंतर लागतो, म्हणून तेथून आणलेल्या कापडाचे पुढे काय झाले, हेही सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

मला हवे असलेले कपडे साधे आहेत. बाही मनगटापर्यंत, लांबी गुडघ्याच्या पुरेशी खाली, गळा बंद, अंगाला कोठेही न चिकटणारा घेर आणि उजेडात उभे राहिले तरी आरपार न दिसणारे कापड, एवढीच माझी अपेक्षा असते. असे कपडे घालणे ही माझी आवड आहे आणि त्याबद्दल मी कोणाला स्पष्टीकरण देत बसत नाही. अडचण निराळीच होती. तयार कपड्यांच्या दुकानांत पूर्ण बाहीचा कुर्ता मागितला की पुष्कळदा पॉलिएस्टर किंवा जॉर्जेट पुढे येते. सुती मागितला की बाही कोपरापर्यंतच असते. आणि दोन्ही जुळून आलेच तर आत पॉलिएस्टरचे अस्तर लावलेले निघते. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो, तेव्हा शाळेच्या पत्र्याच्या वर्गात दुपारी दोन वाजता त्या अस्तराचा जो त्रास होतो, तो ज्यांनी सोसला आहे त्यांनाच कळेल. याचे कारण धाग्यातच आहे. प्रमाणित हवामानात कापूस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के, लिनन सुमारे १२ टक्के आणि रेशीम सुमारे ११ टक्के ओलावा धरून ठेवते. पॉलिएस्टर मात्र अवघे ०.४ टक्के. म्हणून बाहेरून सुती आणि आतून पॉलिएस्टर असा कुर्ता घालणाऱ्याच्या अंगाला सुताचा काहीच उपयोग होत नाही, कारण अंगाला लागते ते अस्तर.

माझ्या शाळेतील एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांना आम्ही सर्वजणी आपा म्हणतो, जुन्या नाशकात राहतात आणि स्वतःचे तसेच मुलींचे सर्व कपडे घरीच शिवतात. भर उन्हाळ्यात डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या असूनही त्या आमच्यापेक्षा शांत आणि कोरड्या दिसतात, हे मी अनेक वर्षे पाहत होते. एकदा विचारल्यावर त्यांनी हे दुकान सांगितले आणि सोबत एक अट घातली: “सकाळी जा, उजेड असताना. आणि कापड दाराशी आणून बघितल्याशिवाय कापायला सांगू नका.”

ही अट किती मोलाची आहे ते दुकानात गेल्यावर कळले. आतील भागात ट्यूबलाइटच्या प्रकाशात प्रत्येक कापड घट्ट विणीचे भासते. काकांना, म्हणजे दुकानाच्या मालकांना, तागा दारापर्यंत नेऊन बघायचा आहे असे म्हटले की ते अजिबात कुरकुर करत नाहीत, उलट स्वतःच चार हात कापड सोडून देतात आणि म्हणतात, “ताई, हात आत घाला.” कापडाच्या मागे हात धरायचा, बोटे पसरायची आणि उन्हाच्या दिशेने बघायचे. बोटांच्या कडा स्वच्छ दिसल्या तर ते कापड अस्तराविना कुर्त्यासाठी घेऊ नये. केवळ सावली दिसली तर आत सुती शमीज घालून चालते. काहीच दिसले नाही तर प्रश्न मिटला. ही परीक्षा एकेरी आणि दुहेरी घडीवर अशी दोनदा करावी, कारण चुण्यांच्या सलवारीत कापड बहुतेक ठिकाणी दुहेरी पडते आणि तेथे पातळ कापडही चालून जाते.

या दुकानाचा सर्वांत मोठा गुण मला कापडाच्या नावांबाबतचा प्रामाणिकपणा वाटतो. “कॉटन सिल्क”, “रेयॉन कॉटन”, “खादी टच” अशी नावे बाजारात सर्रास चालतात आणि त्यांतून कापडात नेमके काय आहे याचा बोध होत नाही. येथे प्रत्येक ताग्याला कागदाची चिठ्ठी टाचलेली असते आणि तिच्यावर सूत, पन्हा (कापडाची रुंदी) व भाव हाताने लिहिलेला असतो. शंका व्यक्त केली तर काका कडेचा एक धागा ओढून काडीवर धरून दाखवतात. सूत कागदासारखे जळते, राखाडी मऊ राख होते आणि बोटांनी चिरडली की उडून जाते. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. मात्र या परीक्षेला एक पळवाट आहे आणि ती त्यांनी न विचारता सांगितली, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनते, त्यामुळे तेही अगदी सुतासारखेच जळते. सूत आणि रेयॉन यांतील फरक ओळखायचा असेल तर धागा ओला करून ओढून पाहावा. ओल्या सुताचा जोर वाढतो, तर रेयॉनचा जवळजवळ निम्म्यावर येतो आणि ते चटकन तुटते. भिजवून घासून धुण्याची सवय असलेल्या आपल्या घरांत रेयॉनचे कुर्ते शिवणीजवळ का फाटतात, याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले.

आता एकेका कापडाविषयी. मी सर्वांत अधिक शिवली ती सुती खादी. खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे हातमागावर विणलेले कापड. दोन्ही कामे हाताची असली तरच ती खादी. केवळ हातमागावर विणलेल्या पण गिरणीच्या सुताच्या कापडाला हातमागाचे कापड म्हणावे, खादी म्हणू नये. खादी म्हणून विकायच्या कापडावर २०१३ च्या नियमांनुसार ‘खादी मार्क’ असणे अपेक्षित आहे आणि या दुकानातील खादीच्या ताग्यांवर तो मला दिसला. शेजारच्या कप्प्यात यंत्रमागाचे जाडसर, खादीसारखे दिसणारे कापडही आहे. ते स्वस्त आहे, वाईट नाही, आणि त्याच्या चिठ्ठीवर “यंत्रमाग” असेच लिहिलेले आहे.

अंगभर कपड्यांसाठी खादीची मोठी सोय अशी की हाताने कातलेल्या सुतात जाड-बारीकपणा असतो, त्यामुळे कापड त्वचेला सपाट चिकटत नाही. मध्ये बारीक पोकळ्या राहतात आणि वारा खेळतो. शिवाय मध्यम जाडीची रंगीत खादी जवळपास अपारदर्शक असते. मी विटकरी, मोरपंखी आणि मातकट अशा तीन रंगांत कुर्ते शिवले आणि एकालाही अस्तर लावावे लागले नाही. थंडीत, जेव्हा निफाडकडचा गारठा शहरातही जाणवतो, तेव्हा हीच खादी एक स्वेटर वाचवते. पावसाळ्यात मात्र तिचा त्रास आहे. जाड खादीचा कुर्ता जुलैत दोन दिवस वाळत नाही आणि अर्धवट वाळलेला घडी घातला तर कुबट वास धरतो. त्या तीन-चार महिन्यांसाठी मी ती बाजूलाच ठेवते.

खादीच्या बाबतीत माझ्याकडून झालेली चूक येथे सविस्तर लिहिते, कारण नवशिक्यांकडून ती हमखास होते. पहिला कुर्ता मी कापड न धुता बेतला. शिवून झाल्यावर लांबी ४६ इंच आणि बाही २२ इंच, अगदी हवी तशी होती. पहिल्या धुण्यानंतर लांबी दोन इंचांहून अधिक घटली आणि बाही इंचभर वर सरकली. एरवी इंचभर बाहीने काही बिघडत नाही. परंतु मनगट झाकण्यासाठीच जी बाही शिवली, तिचा त्या एका इंचाने सगळा हेतूच गेला. तो कुर्ता मी आजही घरी वापरते, बाहेर नाही. त्यानंतर मी प्रत्येक कापड आणल्या रात्री साध्या पाण्यात भिजत घालते, सकाळी न पिळता वाळवते, किंचित ओले असताना इस्त्री करते आणि मगच बेतते. जाड खादी आणि खळ (कांजी) असलेले कापड असेल तर हे दोनदा करते, कारण खळ पूर्ण निघाल्याशिवाय कापडाची खरी वीण आणि खरी पारदर्शकता कळत नाही. खळीमुळे घट्ट दिसणारे कापड धुतल्यावर चाळणीसारखे निघाल्याचा अनुभवही मी दुसऱ्या एका दुकानातील कापडाबाबत घेतला आहे.

खादी घेताना पन्ह्याकडेही लक्ष द्यावे. ३६ इंची पन्ह्यात पुढचा व मागचा भाग एकाखाली एक बसतो आणि बाह्यांसाठी वेगळी लांबी लागते. माझ्या मापाला आटण्याची सूट धरून सव्वातीन मीटर कापड जाते. ४४ इंची पन्ह्यात भाग कापल्यावर कडेला उरणाऱ्या १६ इंची पट्टीतच बाह्या निघतात आणि २.६० मीटरमध्ये काम होते. हा हिशेब काकांनी गल्ल्यावरच्या वहीत आकृती काढून मला समजावला आणि मी मागितलेल्या कापडापेक्षा पाऊण मीटर कमी कापून दिले. स्वतःची विक्री कमी करणारा सल्ला देणारा दुकानदार मला अन्यत्र भेटलेला नाही.

उन्हाळ्यासाठी माझी पसंती केम्ब्रिकला आहे. चिठ्ठीवर “६०/६०” असे लिहिलेले असते. म्हणजे उभे आणि आडवे दोन्ही सूत ६० नंबरचे. सुताचा नंबर म्हणजे एक पौंड सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात ती संख्या, त्यामुळे नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. ६० नंबरचे एक पौंड सूत उलगडले तर ५०,४०० वार लांब होईल, या कल्पनेने मला दरवेळी कापडाकडे आदराने बघावेसे वाटते. केम्ब्रिक गुळगुळीत, हलके आणि पुरेसे घट्ट असते. गडद रंगात ते अस्तराविना चालते, फिक्या रंगात शमीज हवी. मलमल त्याहून पातळ. ती कुर्त्यासाठी कितीही मोहक वाटली तरी एकेरी वापरू नये; ओढणी आणि अस्तर हेच तिचे खरे काम. अडीच मीटरची मलमलची ओढणी डोक्यावरून घेतली तर तिचे ओझे जाणवत नाही आणि ती निसटतही नाही, हे आपांनी दाखवल्यावर मी कृत्रिम धाग्याच्या सर्व ओढण्या काढून टाकल्या. अस्तराबाबत आणखी एक गोष्ट त्यांच्याकडून शिकले: पांढऱ्या कुर्त्याच्या आत पांढरे अस्तर उठून दिसते, त्वचेच्या जवळ जाणारा गव्हाळ रंग मात्र दिसत नाही.

लिननविषयी थोडेच लिहिते. ज्या जवसाची चटणी आपण खातो त्याच जवसाच्या झाडाच्या खोडातील तंतूंपासून ते बनते, फक्त धाग्यासाठीचे वाण निराळे असते. ते सुतापेक्षा अधिक ओलावा शोषते, लवकर वाळते आणि पडते सुंदर. परंतु मला मीटरला साडेसातशे रुपये पडले आणि चुरगळते इतके, की शाळेत पोचेपर्यंत इस्त्रीचा मागमूस उरत नाही. वर्षातून एक लिननचा कुर्ता पुरे, असे माझे मत आहे.

कापड कितीही चांगले असले तरी बेत चुकला तर अंगभर कपडा अंगावर अडकतो. तयार कुर्त्याला केवळ लांब बाही जोडून भागत नाही. फळ्यावर लिहिण्यासाठी हात वर केला की अख्खा कुर्ता वर ओढला जातो, कारण मुंढा, म्हणजे बाही जोडण्याची खांद्याखालची गोलाई, घट्ट असतो. त्यावर जुना आणि अचूक उपाय म्हणजे बगलेत बसवायचा कापडाचा चौकोन, ज्याला जुने शिंपी चौबगला म्हणतात. पाच इंचांचा चौकोन कापावा, चहूबाजूंनी अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडलेले कापड) धरावी, म्हणजे तयार चार इंच उरतो. तो कोनावर उभा, बाही आणि बाजूची शिवण यांच्या मध्ये बसतो आणि हात डोक्यावर नेला तरी खालची कड जागची हलत नाही. पहिला चौबगला बसवायला मला एक संपूर्ण रविवार लागला. त्याचे चारही कोपरे नेमके टाक्यावर मिळाले पाहिजेत, नाहीतर चुणी येते. आता तो पंधरा मिनिटांत होतो. सराव मी त्याच दुकानातील मांजरपाटावर, म्हणजे स्वस्त, कोऱ्या जाडसर सुती कापडावर केला. नवीन बेत आधी मांजरपाटात शिवून पाहणे हा खर्च नसून बचत आहे.

गळा पुढून साडेतीन इंचच खोल ठेवते, म्हणजे वह्या तपासताना वाकले तरी काळजी नसते. तेवढ्या गळ्यातून डोके जात नाही, म्हणून पाच इंचांची बटणपट्टी द्यावी लागते. बाजूचे कट मी खांद्यापासून २७ इंचांवर सुरू करते. शिंपी सवयीने ते कमरेजवळून सुरू करतात आणि जिना चढताना सलवारीचा वरचा भाग दिसतो. बाजूच्या शिवणी फ्रेंच पद्धतीने, म्हणजे आधी सुलट बाजूने बारीक टीप मारून, मग उलटवून दुसरी टीप मारून करते. त्यामुळे कापडाची कड आतच बंद होते, दसा निघत नाही आणि अस्तर नसलेला कुर्ता आतूनही स्वच्छ राहतो. मलमल व केम्ब्रिकला ११ नंबरची सुई, मध्यम खादीला १४ आणि जाड खादीला १६ वापरावी. मशीनबरोबर येणारी १६ नंबरची सुई मलमलीवर चालवली तर प्रत्येक टाक्याला भोक पडते आणि दोष उगाच कापडाला दिला जातो.

दुकानाच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. खादीच्या एका ताग्याचा रंग दुसऱ्या ताग्याशी जुळत नाही. हा दोष खादीच्या स्वभावातच आहे, परंतु सलवारीचे कापड महिन्याने घेऊ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तशी आगाऊ कल्पना द्यायला हवी. मला ती दिली गेली नाही आणि माझा मोरपंखी जोड आजही दोन छटांचा आहे. सुती दोरा केवळ पांढरा, काळा आणि बदामी एवढ्याच रंगांत मिळतो. बाकी सर्व रिळे पॉलिएस्टरची आहेत. निळीने रंगवलेल्या कापडाबाबत दुकानातील मुलगा “मिठाच्या पाण्यात भिजवा, रंग पक्का होईल” असे सांगतो. तसे होत नाही. रंगवण्याच्या वेळी मिठाचा उपयोग असतो, रंगून आलेल्या कापडाचा रंग मिठाने बांधला जात नाही. आणि नीळ तर धाग्याच्या पृष्ठभागावरच अधिक असल्याने घासली की सुटणारच. माझी एक फिकी शमीज त्यात कायमची निळसर झाली. निळीचे कापड पाणी स्वच्छ येईपर्यंत वेगळे धुवावे आणि आत गडद रंगच घालावा. याखेरीज कापलेले कापड परत घेतले जात नाही, जे योग्यच आहे. आणि दुकानापर्यंत गाडी नेण्याचा विचार करू नये. रविवार कारंजावर उतरून चालत जाणे सोपे. बुधवारी गोदाघाटावर आठवडे बाजार असतो आणि त्या दिवशी या भागात पाय ठेवायला जागा नसते.

खर्चाचे म्हणाल तर केम्ब्रिक मला मीटरला १६० रुपयांना मिळाले, म्हणजे एका कुर्त्याला सव्वाचारशेच्या आत. मध्यम खादी २६० रुपयांना, म्हणजे साडेआठशेच्या घरात. शिंप्याकडे चौबगल्याचा कुर्ता शिवायला दिला तर पहिली अडचण मजुरीची नसून समजावण्याची येते. दोघांनी मला “हे आता कोणी घालत नाही” असे सांगून तो चौकोन गाळूनच कुर्ता शिवला होता. त्यांचेही बरोबर असेल, वेळ लागतो. म्हणूनच पायमशीन माळ्यावरून खाली आले.

गेल्या महिन्यात मी आपांच्या धाकट्या मुलीला घेऊन त्या दुकानात गेले. ती अकरावीत आहे आणि तिला पहिला कुर्ता स्वतः बेतायचा आहे. तिने सर्वांत आधी फिक्या आकाशी मलमलीवर बोट ठेवले. काकांनी तागा उचलला, काही न बोलता दारापर्यंत गेले, चार हात सोडून तिच्यापुढे धरला आणि म्हणाले, “बेटा, हात आत घाल.” तिने बोटे पसरली, थोडा वेळ बघितले, आणि आकाशीच रंगातले केम्ब्रिक दाखवा म्हणाली. ते कापड सध्या माझ्या गच्चीत दुसऱ्यांदा धुऊन वाळत घातले आहे. येत्या रविवारी ती मांजरपाटावर पहिला चौबगला बसवणार आहे.